गोविंदरावांचा कोरा लॅपटॉप

इंदिरानगरातल्या गोविंदराव दाणींच्या घरात कुठलीही वस्तू जुनी होत नाही, कारण ती वापरलीच जात नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो, त्यामुळे आवाज वाढवायचा तर बटण अंदाजानेच दाबावं लागतं. फ्रिजवर वीजबचतीचे तारे दाखवणारा स्टिकर अजून आहे. तारे केव्हाच मावळले, स्टिकर आहे. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक एका उन्हाळ्यात तापून उत्तराबाईंच्या साडीला चिकटलं, तेव्हा गोविंदरावांनी बायकोला सुती साडी नेसण्याचा सल्ला दिला. प्लास्टिक काढण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. ओटा बांधताना उरलेला कडप्प्याचा एक तुकडासुद्धा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. कधीतरी लागेल म्हणून.

त्यांची मुलगी इरा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. यात घरात कोणालाच विनोद दिसला नव्हता. कॉलेजची लॅब पाचला बंद व्हायची, परीक्षेत प्रोग्रॅम पेनाने कागदावर लिहायचा असायचा, आणि पोरीला मार्क चांगले पडत होते. पोहायला शिकवणाऱ्यांनी पाण्याची अटच ठेवली नव्हती, मग घरच्यांनी तरी हौद कशाला बांधावा?

पण उन्हाळ्याच्या तोंडावर इराला अंबडच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली. तिच्या वर्गातल्या बहुतेकांना ती हवी होती. अट एकच होती: एक जूनला स्वतःचा लॅपटॉप घेऊन हजर राहायचं. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावण्यात येईल.

गोविंदरावांनी पतसंस्थेतली एक ठेव मोडायचं ठरवलं. त्या पतसंस्थेत ते स्वतःच वरिष्ठ लिपिक असल्यामुळे त्यांनी स्वतःला दोन दिवस थांबवून ठेवलं, मग पैसे दिले. आता एवढ्या पैशात नवा घ्यायचा की वापरलेला, हा प्रश्न होता. इराने तो आधीच सोडवला होता. महात्मा गांधी रोडवर निसारचं दुकान होतं. तिथे एका कंपनीतून निघालेला तीन वर्षांचा लॅपटॉप होता. मेमरी दुप्पट, प्रोसेसर वेगवान, आणि वर पैसे उरत होते. तेवढ्याच पैशात नवा घेतला तर तो दिसायला गोरा आणि कामाला मंद मिळणार होता.

रविवारी मिसळ खाताना यावर चर्चा झाली. चर्चेला गोविंदरावांचे थोरले भाऊ रंगनाथराव म्हसरूळहून मुद्दाम आले. रंगनाथराव ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर ते स्टोअरच्या खिडकीमागे बसून नट-बोल्ट मोजून देत, पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याला ते नुकतेच कॉकपिटमधून उतरलेत असं वाटे.

"आम्ही विमानात कधी सेकंडहँड नट लावला नाही," ते म्हणाले.

"काका, मला उडायचं नाहीये. कोड लिहायचाय."

"तत्त्व तेच असतं, बाळा."

"दादा बरोबर बोलतोय," गोविंदराव म्हणाले. "दुसऱ्याची बोटं लागलेली वस्तू. आपल्या घरात आजवर असं काही आलेलं नाही."

"हा फ्लॅट आपण पिंगळ्यांकडून घेतला ना, बाबा?"

"तो रीसेलचा."

"म्हणजे?"

"म्हणजे रीसेलचा. वापरलेला नव्हे."

उत्तराबाईंनी रंगनाथरावांच्या पुढ्यात आणखी पाव ठेवला. "अहो, तिला त्यावर काम करायचंय. तिलाच ठरवू द्या की."

"तिचंच तर चाललंय," गोविंदराव म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास दोघे भाऊ तिचं ठरवत बसले.

तरी गोविंदराव एकदा इराबरोबर निसारच्या दुकानात गेले. पोरीचं ऐकून घेतलं असं पुढे सांगता यावं म्हणून. निसारचा माल सगळाच 'एक नंबर' होता. दोन नंबरचा माल त्या दुकानात कोणी कधी पाहिला नव्हता, आणि काही गिऱ्हाईकांना तो घरी गेल्यावर दिसायचा. इराने त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. तिने बॅटरी तपासली, आतली मेमरी बघितली, एक जड प्रोग्रॅम चालवून पंख्याचा आवाज ऐकला, आणि मान डोलावली. गोविंदरावांनी लॅपटॉप उलटा करून वास घेतला.

"आधी कोण वापरायचं?"

"कंपनीचा होता साहेब. एकदम मख्खन."

"मग कंपनीनं काढला का?"

"तीन सालाने काढतातच साहेब. सगळा लॉट बदलतात."

"काहीतरी असणार त्याशिवाय काढणार नाहीत." गोविंदराव बटणांवर वाकले. "हे एस अक्षर पुसलंय."

"एसला काम जास्त पडतं ना साहेब."

"म्हणजे यावर कोणीतरी काम केलेलं आहे."

"हो साहेब. खूप."

"मग राहू द्या," गोविंदराव म्हणाले आणि बाहेर पडले.

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नवा लॅपटॉप घरात आला. दुकानातल्या पोराने मेमरीबद्दल एक वाक्य सांगितलं आणि सोबत फुकट मिळणाऱ्या बॅगेबद्दल सात. गोविंदरावांना ती सातही पटली. घरी आल्यावर लॅपटॉपला पाटावर बसवलं, वरचं प्लास्टिक न काढता त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ पाणी उडू नये म्हणून गॅलरीत फोडला. दाणी परिवाराच्या ग्रुपवर फोटो गेला. त्यावर नमस्काराचे हात आले, फुलं आली, आणि एका मावसभावाने चुकून भावपूर्ण श्रद्धांजली पाठवली. ती पुढे खरी ठरली.

कारण पूजेनंतर लॅपटॉप खोक्यात गेला आणि खोका गोदरेजच्या कपाटात. इराला तो रोज संध्याकाळी, हात धुऊन, जेवणाच्या टेबलापासून लांब बसून वापरायला मिळे. पडद्यावरची पातळ फिल्म काढायला बंदी होती, त्यामुळे स्क्रीनवर कायम पंचवटीतलं धुकं असे. आणि तो मंद होता, तो होताच. तिचा जड प्रोग्रॅम सुरू व्हायला एवढा वेळ लागायचा की उत्तराबाईंचा कुकर आधी व्हायचा. पण चालायचा. मे संपत आला, तेव्हा इराने विषय काढला.

"बाबा, एक तारखेपासून मला तो रोज न्यावा लागेल."

"न्यावा? कुठे?"

"अंबडला. कंपनीत."

गोविंदराव दचकले. देवघरातला बाळकृष्ण ती बसमधून न्यायचा म्हणाली असती, तरी ते एवढे दचकले नसते. मूर्ती पितळेची आहे, तिला ओरखडे चालतात.

"बसमध्ये? त्या गर्दीत? कोणाचा डबा सांडला म्हणजे?"

"बॅगेत असेल ना. ती फुकट मिळालेली."

"ती बॅग खराब होईल."

"बाबा, स्वतःचा लॅपटॉप हवा ही त्यांची अट आहे."

"मग आहे की स्वतःचा. घरी आहे. त्यांना सांग."

"घेतला कशासाठी मग आपण?"

"घेतला म्हणजे न्यायलाच घेतला असं नसतं. आपल्याकडे असावा म्हणून घेतला." आणि हा विषय आपल्याच्याने पेलत नाही असं दिसल्यावर त्यांनी रंगनाथरावांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सहा महिने वस्तूला सेट होऊ द्यावं," फोनमधून आवाज आला. "विमानसुद्धा आधी जमिनीवरच पळवतात."

"काका, एक जूनला मी गेले नाही तर ते दुसऱ्याला घेतील."

"घेऊ दे. त्याचा लॅपटॉप खराब होईल."

इरा रडली नाही. ती आत जाऊन आईजवळ भाजी निवडत बसली. दोघींनी मेथीची एक जुडी संपवली. मग उत्तराबाई म्हणाल्या, "निसारकडचा तो अजून असेल का गं?"

दुसऱ्या दिवशी गोविंदराव पतसंस्थेत गेल्यावर उत्तराबाईंनी देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याखालची कपाटाची चावी काढली. इराने लॅपटॉप साध्या कापडी पिशवीत घालून निसारच्या काउंटरवर ठेवला. त्याने तो पुढून पाहिला, मागून पाहिला, आणि चेहरा दुःखी केला. हा चेहरा त्याला विकत घेताना लागायचा.

"नवाच आहे, निसारभाई."

"बिल फाटलं बेटा. आता हा पण सेकंडहँडच."

"प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

"ते दिसतंय. कुंकू पण दिसतंय. खोका कुठाय?"

"खोका मिळणार नाही."

"खोका नाही? मग अजून कमी होणार. लोक खोकाच बघतात."

हे मात्र इराला मान्य करावं लागलं. एस पुसलेला लॅपटॉप आणि वर थोडे पैसे घेऊन ती घरी आली. तोटा किती झाला ते तिने आईला सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. इकडे निसारने कुंकू पुसून नवा लॅपटॉप काचेत लावला आणि खाली लिहिलं: अजिबात न वापरलेला. त्या दुकानातला हा पहिला खरा मजकूर असावा.

रिकाम्या खोक्याचा प्रश्न उत्तराबाईंनी सोडवला. स्टूल घेऊन त्या माळ्यावर चढल्या आणि कडप्प्याचा तो तुकडा काढला. कधीतरी लागणार होता, तो लागला. त्यांनी तो जुन्या मऊ दुपट्ट्यात गुंडाळला, थर्माकोलच्या खाचेत बसवला, खोका चिकटपट्टीने बंद केला आणि चावी करंड्याखाली ठेवली.

"चिकटपट्टी कशाला?" संध्याकाळी गोविंदरावांनी विचारलं.

"दमट हवा येतेय आता पावसाची. आत जायला नको."

गोविंदरावांनी बायकोकडे कौतुकाने पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच तिला काहीतरी कळलं होतं.

एक जूनला इरा अंबडला हजर झाली. घरी तिने सांगितलं की लॅपटॉप कंपनीनेच दिला. खोटं बोलणं या घरात नवीन होतं, त्यामुळे कोणी ते वापरून पाहिलेलं नव्हतं. ते लगेच चाललं.

"मी म्हणालो नव्हतो, त्यांना सांग म्हणून?" गोविंदराव म्हणाले. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, बटणांवर बोट फिरवलं. "वा. कंपनीचा माल वेगळाच. हे बघ, एस पुसला तरी वस्तू कशी ठणठणीत. असे बाजारात मिळत नाहीत."

"नाही ना," इरा म्हणाली.

तिचं काम बरं झालं. इंटर्नशिप संपल्यावर कंपनीने कॉलेज सांभाळून पुढे काम करायला सांगितलं, आणि तो दणकट लॅपटॉप बसमधून, पावसातून, एकदा कोणाच्या तरी वरणाखालून सुखरूप जात-येत राहिला.

दसऱ्याला गोविंदरावांनी खोका बाहेर काढला. पाटावर गाडीची चावी, पतसंस्थेचं पेन, सुरी आणि मधोमध खोका मांडला. खोक्याला झेंडूची माळ घातली. इराचा लॅपटॉप तिथेच पडला होता. तो त्यांनी बाजूला सरकवला. "त्याला हळद लावू नको. परत द्यायचा असतो."

रंगनाथराव सोनं द्यायला आले होते. त्यांनी खोका उचलून पाहिला. "वजन आहे हं, गोविंदा. हल्ली सगळे हलके करतात. हा मजबूत दिसतो." मग त्यांनी चिकटपट्टीला नख लावलं. "उघड की. पूजा म्हणजे आतून व्हायला पाहिजे."

उत्तराबाईंनी घाईने निरांजन पेटवलं. इरा पाटाकडे निघाली आणि अर्ध्यावर थांबली.

गोविंदरावांनी झडप घालून भावाचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा ते दादाशी मोठ्या आवाजात बोलले.

"दादा, हात लावायचा नाही. हवा लागेल त्याला."

"अरे, पूजेला तरी—"

"देवीला काय आत टाइप करायचंय? आहे तसा राहू दे."

रंगनाथरावांनी नख मागे घेतलं. उत्तराबाईंनी ओवाळलं. गोविंदरावांनी खोक्यावर अक्षता टाकल्या, डोळे मिटले, हात जोडले. तेवढ्यात समोरचे पिंपळगावकर आपट्याची पानं घेऊन आले. त्यांचा मुलगा अकरावीला गेला होता, त्याला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि बजेट बेताचं होतं.

"वापरलेला बघितला तर चालेल का हो?"

गोविंदरावांनी त्यांना पाटाजवळ आणलं.

"अजिबात नको. आमचा बघा. अक्षय्य तृतीयेला घेतला." त्यांनी माळ जराशी सरकवून खोका दाखवला. "सहा महिने झाले. एक ओरखडा नाही."