नकोचं बटण

सेजलने सगुणकाकांचा फोन कानापासून चार बोटं लांब धरला.

“अगो, आज एकादशी! सकाळीच ‘नको’ दाबलंय, तरी तुझो बापूस चार उंडे पाव ठेवन गेलो. आता ते काय म्हशीक घालू?”

“बघतंय काका,” म्हणत तिने लॅपटॉप उघडला.

ट्रक चालवणं सोडून स्कूटरवर पावाची फेरी धरलेल्या बाबांसाठी तिनेच मोबाइलवर उघडणारं हे पान केलं होतं. धारगळ ते हळर्ण, घरटी एक चौकट. चौकटीवर बोट ठेवलं की पाव मागवले, आतलं ‘नको’चं बटण दाबलं की रद्द. सकाळच्या चहाला पाव नको म्हणणारं माणूस या बाजूला मिळायचं कुठे, म्हणून तर चूक आठ दिवस लपली. आणि चूक तरी काय, अगदी पोरकट! बटणावरची टिचकी बटणापाशी थांबतच नव्हती. ती वर चौकटीपर्यंत पोचत होती. बटण म्हणे नको, लगेच चौकट म्हणे हवे, आणि शेवटचा शब्द चौकटीचा. टिचकीला बटणापाशीच अडवणारी एक ओळ लिहिली की झालं.

लिहिण्याआधी तिने नोंदी चाळल्या. सगुणकाकांचं ‘नको’ एकदा. हळर्णच्या चंद्रावतीआत्याचं आठ वेळा. रोज.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सेजलच्या साखरपुड्याचं आमंत्रण तिला नुसतं फोनवर गेलं, घरी कोणी गेलं नाही, तेवढ्यावरून दोन वर्षं अबोला. म्हणून तर यादीत तिचे पाव दिसले तेव्हा बाबा हरखून गेले होते. “चंद्रून आपणहून मागवल्यान!” पहिले दोन दिवस ते पिशवी फाटकाला अडकवून परतले. तिसऱ्या दिवशी आत्याने चहा पुढे केला, आणि आता स्वारी तासभर तिथे बसून येत होती. तिला वाटत असणार, नको म्हटलं तरी दादा आणतो. त्यांना वाटत होतं, बहिणीनेच हाक मारली. एवढं गोड जमलेलं, ते सगळं सेजलच्या चुकीवर.

आत्याची चौकट तेवढी तशीच ठेवावी का? हात शिवशिवले. पण बापाला फसवायचं, तेही मायेच्या बाबतीत, हे काही तिच्याने होईना. तिने ती ओळ सगळ्यांसाठी लिहिली आणि दिवसभर धड जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी स्कूटरला टोपली बांधता बांधता बाबांनी मोबाइल पाहिला. हळर्णच्या आत्याच्या चौकटीत ‘नको’.

“बाबा, आत्येन आठय दिवस नकोच दाबलेला. चूक माझी. तुमका उलटा दिसला.”

“आठय दिवस?”

“आठय.”

बाबा पायरीवर बसले. मग म्हणाले, “कायच दाबूक नाय, तर पाव जातत?”

“नाय.”

“म्हणजे तिका गप रवान चलला असता.”

“चलला असता.”

ते उठले आणि चार उंडे वेगळ्या पिशवीत भरू लागले.

“बाबा! ती नको म्हणता.”

“म्हणता तर! रोज सकाळी उठान, माझाच पान उघडून म्हणता,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्कूटर आधी हळर्णच्या रस्त्याला वळवली.