खड्ड्यातला क्लॅम्प

मी एक जुना क्लॅम्प आहे. वरून पितळी मुलामा, आतून लोखंड. मित्रांनो, जमिनीत ठोकलेल्या सळईला अर्थिंगची तार घट्ट धरून ठेवायची, एवढंच माझं काम. यंत्र बिघडून वीज त्याच्या पत्र्यात उतरली, तर तिला मातीत जायची वाट मिळावी. माणसाच्या अंगात शिरू नये.

दुकानात वायरमनने अस्सल पितळी क्लॅम्प मागितला होता. "मालक, तार तांब्याची आहे. ओलीत लोखंड तिच्याजवळ टिकत नाही, सडून जातं."

"अरे, मातीत पुरायचाय की गळ्यात घालायचाय?" लाँड्रीचे मालक हसले. त्यांनी मला उचललं आणि वाचलेल्या पैशांत लाँड्रीच्या पाटीसाठी रंगीत दिव्यांची माळ घेतली. माळ लोकांना दिसते ना!

लाँड्रीच्या मागच्या खिडकीखाली, खड्ड्यात मला बसवलं. सुरुवातीची वर्षं मी इमानाने पकड धरली. कौतुक राहू द्या, झाकण उघडूनही कोणी पाहिलं नाही. मग गंजाने मला पोखरलं. बोल्ट झिजला आणि तार माझ्या जबड्यातून सुटली.

खिडकीतून मशीनवर कपडे धुणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू यायचं.

"आज मशीन चावतंय गं!"

"जीव जडलाय त्याचा तुझ्यावर!"

"मालकांवर जडू दे की मेल्याचा!"

हसता हसता त्यांनी एक रीतच पाडली. आधी हाताची पाठ पत्र्याला टेकवायची, झिणझिण्या आल्या नाहीत तरच कपडे काढायचे. सगळ्यात जुन्या मावशीने मालकांना सांगून पाहिलं. "कोरडी चप्पल घाला, नखरे नकोत," असं उत्तर आलं.

मावशीने आपल्या सुनेलाही कामाला आणलं, ही रीत शिकवली. त्या दिवशी सुनेने हाताची पाठ टेकवली. काही झालं नाही. निर्धास्त होऊन तिने ओल्या चादरींत दोन्ही हात घातले, आणि तेव्हाच आतली वायर उघडी पडून पत्र्याला टेकली. वीज मातीकडे निघाली. मी वाट सोडून बसलो होतो. तिला ती पोरगी सापडली.

"पाठ टेकवली होती हो तिने! मी बघितलंय!" मावशी ओरडत होती.

"चप्पल ओली असणार," मालक म्हणाले.

मशीनची वायर बदलली. खड्ड्याकडे कोणी फिरकलं नाही. तार अजून लोंबकळतेय.

सुनेच्या जागी त्याच मशीनवर उद्यापासून मावशी उभी राहणार आहे. सून गेली, घरात कमावणारी आता ती एकटीच. मित्रांनो, हळहळ नको. आजच्या आज झाकण उघडा, मला उपटून फेका आणि पितळेचा क्लॅम्प बसवा.