चार डब्यांची पंगत

मुक्तानं नाकाला पदर लावला आणि मडक्यावरचं झाकण काडीनं अलगद उचललं. पाण्यावर पांढुरका फेस धरला होता आणि त्यात बारीक बारीक बुडबुडे फुटत होते.

"आलं!" ती ओरडली.

सोप्यात आरशापुढे दाढी करत बसलेल्या रंगनाथचा हात थबकला. "कोण आलं?"

"अहो, फेस आला! पेंड फसफसली!"

"ते माझ्या नाकाला कालच कळलंय. शेजारचे विचारत होते, घरात उंदीर मेलाय का म्हणून."

मुक्ताला हसायलाही सवड नव्हती. भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं ते पाणी तिनं फडक्यातून गाळलं, साधं पाणी घालून कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलं, चुलीतल्या राखेचं निवळलेलं पाणी वेगळ्या तांब्यात घेतलं आणि दक्षिणेच्या खिडकीखाली जाऊन बसली. तिथं फळीवर वनस्पती तुपाचे चार रिकामे डबे एका ओळीत मांडले होते. प्रत्येकात टोमॅटोचं एक रोप. दोन डब्यांवर तिनं गेरूची रेघ ओढली होती. पेंडीचं आणि राखेचं पाणी त्या दोघांना. बिनरेघेच्या दोघांना नुसतं आडाचं पाणी. माती सारखी, ऊन सारखं, डबा सारखा. फरक फक्त खाण्याचा.

"जनावराची पेंड झाडाच्या मुळाशी ओततीया," दारातून गोजरबाई म्हणाल्या. "बैलानं बघितलं तर काय म्हनंल?"

"बैलाला झाडं दाखवायचीच नाहीत, आत्याबाई."

"आन ह्या दोघांस्नी काय?" सासूबाईंनी बिनरेघेच्या डब्यांकडे हनुवटीनं दाखवलं.

"त्यांना नुसतं पाणी. त्यांना काहीच दिलं नाही, तरच यांना दिल्याचा उपयोग झाला की नाही ते कळेल."

गोजरबाई चारही डब्यांकडे वळून वळून बघत गोठ्याकडे गेल्या.

हा सगळा खटाटोप हायस्कुलासाठी होता. नगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मुक्ता पुणतांब्याला नांदायला आली, त्याला वर्ष व्हायचं होतं. गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला माणूस हवा आहे हे कळल्यावर ती रंगनाथला घेऊन हेडमास्तरांना भेटली. आप्पासाहेब हेडमास्तरांनी तिला प्रयोगाचं कपाट उघडून दाखवलं. आत एक लोहचुंबक होता, एक तडा गेलेली परीक्षानळी होती आणि बाकी झुरळं.

"बाई, तुमच्या कॉलेजात असतं तसलं काही इथं नाही," ते म्हणाले होते. "आमच्या समितीला तसाही पुरुष शिक्षकच हवाय. पण वर्गाच्या खिडकीत, बिनपैशात होईल असा एखादा प्रयोग मला करून दाखवा. मग मी समितीशी भांडायला मोकळा."

त्या दिवशी घरी परतताना मुक्ता रंगनाथच्या दोन पावलं पुढे चालत होती. वाटेतच तिनं सगळं ठरवलं. टोमॅटो लवकर वाढतो, लवकर फुलतो, आणि फळ लाल झालं की शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दिसतं. घराबाहेर ठेवले तर शेळ्या काही शिल्लक ठेवायच्या नाहीत, म्हणून डबे घरातच, खिडकीशी. नाहीतरी वर्गात ते तसेच राहणार होते.

रेघेच्या डब्यांतली रोपं अशी काही तरारली, की मुक्ता उठल्याबरोबर चूळ भरायच्या आधी खिडकी गाठायची. भिंतीवर कोळशानं उंचीच्या खुणा करायची. पानं उलटून मागची लव बघायची. एका सकाळी तिनं रंगनाथला गदागदा हलवून उठवलं.

"फूल! अहो, फूल आलं!"

"पडू दे त्याला," तो झोपेतच म्हणाला.

"पडू कशाला द्यायचं? उठा!"

पिवळं, खाली मान घातलेलं, नखाएवढं फूल होतं. मुक्तानं त्याच्या देठाला बोटानं हलकेच टिचकी मारली.

"आता त्याला कशाला मारतेस?"

"घरात वारा नाही ना. परागकण आपणच झाडायचे. नाहीतर फळ धरणार नाही." तिनं आणखी एक टिचकी मारली आणि स्वतःशीच हसली. "तुम्ही मारून बघा. हळू. मांजरीच्या कानाला मारल्यासारखी."

रंगनाथनं टिचकी मारली. नंतर गोठ्याकडे जाता-येता तो कुणी बघत नाहीसं पाहून फुलांना टिचक्या मारायला लागला. वाटाण्याएवढं पहिलं फळ दिसलं तेव्हा मुक्तानं शेजारच्या छबूबाईंना हाताला धरून आणलं. छबूबाईंनी नाक दाबून, वाकून, "व्हय की गं!" म्हटलं आणि दारातच मोठा श्वास सोडला.

एवढ्या आनंदात एक गोष्ट मुक्ताच्या मनाला कुसळासारखी टोचत होती. बिनरेघेची रोपंही तशीच वाढत होती.

आधी ती थोडी मागे होती, भिंतीवरच्या खुणा तसं सांगत होत्या. मग त्यांनी गाठलं. त्यांचीही पानं गडद झाली, त्यांनाही फुलं आली, फळं धरली. निम्मी रोपं उपाशी ठेवायचा बेत तिनं हेडमास्तरांना कळवला होता आणि रविवारी ते बघायला यायचे होते. शनिवारी मुक्ता चार डब्यांपुढे मांडी घालून बसली आणि डोळे बारीक करून आलटून पालटून बघू लागली. रेघा पुसल्या असत्या, तर कुठला डबा कुठला हे तिलाही सांगता आलं नसतं.

म्हणजे पेंडीच्या पाण्याचा काहीच उपयोग नव्हता? इतके दिवस अख्ख्या घराला नाक दाबायला लावून तिनं काय सिद्ध केलं होतं?

तेवढ्यात तिला मुंग्या दिसल्या. फळीच्या कडेनं एक ओळ येत होती आणि बिनरेघेच्या डब्यात उतरत होती. नुसत्या पाण्याच्या मातीत मुंग्यांचं काय काम? तिनं आगपेटीतली काडी घेतली आणि मुंग्या जिथं शिरत होत्या तिथली माती उकरली. काडीच्या टोकाला मऊ लगदा लागला. तिनं तो नाकाशी नेला.

पेंड होती. तिच्या मडक्यातली नव्हे. गोठ्यातल्या पोत्यातली, खडाच्या खडा, अंगठ्यानं मातीत दाबलेली. दुसऱ्या डब्यातही तसाच खडा निघाला.

"आत्याबाई!"

गोजरबाई शेणाचे हात घेऊन दारात आल्या. मुक्तानं काडी पुढे केली. म्हातारी खोटं बोलली नाही, लाजलीही नाही.

"दाबला मी. तू धुनं घिऊन नदीवर जातीस तवा."

"पण मी सांगितलं होतं ना! त्यांना काही द्यायचं नव्हतं! माझा सगळा प्रयोग गेला, आत्याबाई. उद्या हेडमास्तर येतील, त्यांना मी काय दाखवू?"

"एका वळीनं बसवलंस त्यांस्नी," गोजरबाई म्हणाल्या. "पंगतीला बसवल्यावानी. आन एकाच्या पानात वाढायचं, शेजारच्याच्या पानात न्हाई? माझ्या घरात?"

"झाडं आहेत ती."

"आसूं दे."

"पण..."

"गोठ्यात केलं ह्ये मी मागल्या उन्हाळ्यात. येकदा केलं. बास झालं." एवढं बोलून त्या वळल्या.

मुक्ता काडी हातात धरून बसून राहिली. रंगनाथ आत आला, त्यानं उकरलेली माती पाहिली आणि उंबऱ्यावरच टेकला.

"दुष्काळात आपल्याकडे पाखऱ्या नावाचा बैल होता," तो म्हणाला. "राजाच्या जोडीचा. तू यायच्या आधीची गोष्ट. कडबा एकालाच पुरेल एवढा उरला. पेरणीला एक तरी बैल उभा राहायला हवा होता. दोघांच्या दावणी शेजारी शेजारी. आई राजापुढे पेंढी टाकायची आणि तो खाईपर्यंत पाखऱ्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायची. शेवटी मी त्याला घोडेगावच्या बाजारात नेला. आई दारापर्यंतही आली नाही."

मुक्तानं काडी खाली ठेवली. बोटाला लागलेला लगदा तिनं बिनरेघेच्या डब्याच्या काठाला पुसला.

"एक करता येईल," रंगनाथ म्हणाला. "हे दोन डबे आत लपवू. छबूबाईंकडे परसात टोमॅटोचं एक मरतुकडं रोप आहे, ते आणून शेजारी ठेवू. हेडमास्तरांना काय कळतंय?"

"मला कळेल ना."

"मग शाळेवर पाणी सोड."

मुक्तानं उकरलेली माती परत डब्यात लोटली.

रविवारी आप्पासाहेब आले. छत्री कोपऱ्यात टेकवून ते खिडकीशी वाकले. चारही रोपांना लाल, पिवळी, हिरवी फळं लागली होती. "वा!" ते म्हणाले. "आणि यातली उपाशी कुठली?"

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. रंगनाथ छताकडे बघू लागला.

"उपाशी कुणीच नाही, सर," मुक्ता म्हणाली. तिनं रेघेच्या डब्यांकडे बोट केलं. "या दोघांना मी पेंडीचं पाणी दिलं. त्या दोघांना नुसतं पाणी द्यायचं होतं, पण त्यांनाही पेंड मिळाली. मला काल कळलं. म्हणून सगळी सारखी आहेत. यावरून खताचा उपयोग झाला असं मी म्हणू शकत नाही."

"मिळाली म्हणजे?"

"घरातून मिळाली."

आप्पासाहेबांनी दाराकडे पाहिलं. तिथं लुगड्याचं टोक दिसत होतं. मग त्यांनी परत मुक्ताकडे पाहिलं.

"हे तुम्ही सांगितलं नसतं, तर?"

"तर तुम्ही म्हणाला असता, खताचा काही उपयोग नाही."

"आणि सांगितलंत तर मी म्हणेन, बाईंना प्रयोग सांभाळता येत नाही."

"हो, सर."

"म्हणजे दोन्हीकडून तोटाच."

"हो."

ते वाकून मुंग्यांच्या ओळीकडे बघू लागले. मुक्तानं त्यांना ती कुठून कुठं जाते ते दाखवलं, काडीनं कुठं उकरलं ते दाखवलं, आणि दाखवता दाखवता तिचा आवाज चढत गेला. मुंग्यांनी सांगितलं नसतं तर आपण पेंडीलाच खोटं ठरवून बसलो असतो, हे सांगताना तर ती गुडघ्यावर उभी राहिली होती आणि हातवारे करत होती.

आप्पासाहेबांनी एक लाल टोमॅटो तोडला, धोतराला पुसला आणि खाल्ला.

"सोमवारपासून या," ते बी थुंकत म्हणाले. "समितीशी मी भांडतो. फक्त पुन्हा प्रयोग कराल तो शाळेच्या खिडकीत करा. सासूबाईंचा हात पोचणार नाही तिथं."

दाराआड बांगड्या जोरात वाजल्या.

सोमवारी मुक्ता दोन नवी रोपं घेऊन निघाली. एका डब्यावर गेरूची रेघ होती. रंगनाथनं डबे सायकलच्या कॅरिअरला बांधले. गोजरबाई भाकरीचं फडकं घेऊन बाहेर आल्या.

"उपाशी कंचा?" त्यांनी विचारलं.

मुक्तानं बिनरेघेचा डबा दाखवला. गोजरबाईंनी त्याच्या पानावरून एक बोट फिरवलं, फडकं तिच्या हातात दिलं आणि आत गेल्या.

तिचा पहिला वर्ग म्हणजे नुसता गोंधळ होता. पोरं डब्यांभोवती कोंडाळं करून उभी राहिली, कुणी रेघ पुसायला निघालं, कुणी डब्यावरचं तुपाचं नाव मोठ्यानं वाचलं. मुक्ताच्या गालावर खडूची रेघ होती आणि ती बोलायची थांबत नव्हती. मधल्या सुट्टीत पोरं पांगल्यावर तिनं खिडकीशी बसून फडकं सोडलं. दोन भाकरी, ठेचा, कांदा. फडक्याच्या एका कोपऱ्याला घट्ट गाठ मारलेली होती. तिनं ती दातानं सोडवली.

आत पेंडीचा खडा होता.

मुक्तानं मागे वळून बघितलं. वर्ग रिकामा होता. दोन्ही रोपं उन्हात शेजारी शेजारी उभी होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गोजरबाईंनी फडकं धुवायला घेतलं. कोपऱ्याची गाठ सुटलेली होती. त्यांनी तो कोपरा बोटांत धरून चाचपला.

"समदी जेवली का गं?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

मुक्ता चुलीपुढे बसली होती. तिच्या अंगठ्याच्या नखात काळी माती अडकली होती.

"कोन समदी?" तिनं सासूच्याच बोलीत विचारलं, आणि हात पदराआड घेतले.