‘होल्ड’ काही सुटेना

आमच्या शब्दकोशाचे काम ज्या खोलीत चाले, तेथे गुरुजींनी एक नियम घालून दिला होता आणि तो मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. इंग्रजी क्रियापदाचा अर्थ नुसता लिहायचा नाही. तो आधी खोलीत करून पाहायचा. ‘क्लाइम’साठी मी शिडीवर चढलो होतो, आणि ‘फॉल’साठी, कोणी सांगितले नसताना, त्याच शिडीवरून पडलोही होतो.

या नियमाविषयी माझ्या मनात आदर होता. संयम मात्र उरला नव्हता. आमची गाडी ‘होल्ड’पाशी येऊन रुतली होती. ज्या संस्थेच्या आश्रयाने कोश चालला होता, तिच्या चिटणिसांनी निक्षून कळवले होते : तिथपर्यंतची पाने शनिवारी छापखान्यात गेली नाहीत, तर कोश बंद आणि खोलीला कुलूप. आणि आज शनिवार होता.

“गुरुजी, ‘धरणे’ लिहू आणि मोकळे होऊ,” मी विनवले.

“मोकळे होऊ म्हणे! अरे घाईकर, पेल्यात पाणी मावतं, सभा भरते, श्वास रोखतात, मत बाळगतात. या सगळ्यांना त्यांचा शब्द एकच. का?”

“ते इंग्रजांना विचारा.”

“त्यांच्या भाषेच्या चुलत आजीला विचारलं.” गुरुजींनी सावकाश चष्मा पुसला. “गॉथिक. तिच्यात हाच शब्द गुरं वळण्यासाठी आहे. आपल्या संस्कृतातलं ‘कालयति’, म्हणजे हाकतो, तेही याच गोतावळ्यातलं असावं, असं काही जाणते म्हणतात. म्हणजे मूठ नंतर आली. आधी होतं ते कळपावर नजर ठेवून उभं राहणं. त्याला शब्द कोणता द्यायचा? वळणे? हाकणे? मन घेत नाही.”

“अहो, गुरंसुद्धा संध्याकाळी घरी परततात,” मुद्रिते तपासता तपासता गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या. “तुम्ही कधी परतणार?”

तेवढ्यात फोन वाजला. गुरुजींनीच उचलला.

“कोण, चिटणीस? वा, अगदी वेळेवर! जरा होल्ड करा हं.” आणि त्यांनी रिसीव्हर अलगद टेबलावर ठेवून दिला. त्यांच्या मुखावर बालकाचा आनंद होता. “हा अर्थ करून पाहायचा राहिलाच होता. सांग, आता कोणी कोणाला धरलंय?”

मी टेबलाकडे धावलो. “गुरुजी, चिटणीस आहेत ते! कुलूप त्यांच्या हातात आहे!”

“आपण काही त्यांना बांधून ठेवलेलं नाही. केव्हाही फोन ठेवतील. तरी आहेत. मग ही क्रिया करतंय कोण? तेच!”

“ते दातओठ खाताहेत! आधीच तापट माणूस, तोंड उघडलं की नुसता भोंगा...”

“हळू,” काकू म्हणाल्या. “भोंगा ऐकतोय.”

मी जीभ चावली आणि दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला. “साहेब?”

“भोंगा अजून आहे. त्यांना द्या.”

मी दिला. पण चिटणिसांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. उपमा अन्यायाची नव्हती.

“गुरुजी, फोन आपटणार होतो मी!”

“मग आपटला का नाही?” गुरुजींनी मनापासून विचारले.

“का म्हणजे? प्रत्येक सभेत शिव्या खाऊन तुमचा हा कोश राखतोय मी. एका फोनपायी सोडून देऊ?”

गुरुजींनी रिसीव्हर कानाशी दाबला. “काय करताय म्हणालात?”

“राखतोय! राखतोय! आता पानं पाठवा, नाहीतर यापुढे नाही जमायचं मला!”

आभार नाही, निरोप नाही. गुरुजींनी फोन खाली ठेवला. चिटणिसांनी जो आपटला नव्हता, तो यांनी ठेवून दिला! मग टाक उचलून त्यांनी ‘होल्ड’पुढे पहिला अर्थ लिहिला, ‘राखणे’, आणि खाली सही केली. शाई वाळण्याआधीच ती पाने घेऊन मी छापखान्याकडे धावलो.

कोश वाचला. कुलूप आले नाही. सोमवारी मी प्रसन्न चित्ताने खोलीत शिरलो, तेव्हा गुरुजी पुढच्या पानांतल्या ‘हॉप’वर बोट ठेवून बसले होते आणि माझ्या गुडघ्यांकडे पाहत होते.

“हे एका पायावर करतात की दोन्ही, याविषयी मतभेद आहेत,” ते म्हणाले. “आधी दोन्ही पाहू.”