मृत्यूने थुंकलेला कडुबा

माझी मुलगी अपेक्षा हिने कादंबरी लिहिली आहे. तिच्यात उडणारे किल्ले आहेत आणि भौतिकशास्त्राचा एकही नियम शाबूत राहिलेला नाही. मी आयुष्यभर तोच विषय शिकवला, म्हणून हस्तलिखित पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. खलनायकाचे नाव आले तेव्हा पेन्सिल खाली ठेवली.

नाव होते कडुबा.

आमच्याकडे ज्या घरात मुले जगत नसत, तिथे पुढच्या मुलाला मुद्दाम कडू नाव देत. मृत्यूने तोंडात घेतले तरी थुंकून टाकावे म्हणून. या उपायाला पुरावा नाही. कडू नावानिशी गेलेली मुले कोणी मोजलेली नाहीत. अपेक्षाने मात्र ही समजूत नियम मानून शेवटपर्यंत नेली होती. तिच्या कडुबाला मृत्यू खरोखरच थुंकून टाकतो; म्हणून तो कशालाच भीत नाही. अखेरीस नायिका त्याला गोड नाव ठेवते आणि मृत्यू त्याला उचलतो. मला या रचनेत फट सापडली नाही.

अडचण एकच. माझ्या थोरल्या भावाचे नाव कडुबा आहे. आधीची भावंडे गेली, तो तगला. मग घरच्यांना धीर आला आणि माझे नाव इंद्रजीत ठेवले गेले.

प्रकाशकाने खलनायकाला ‘कालदंष्ट्र’ हे नाव सुचवले होते. पण कडू नावाशिवाय कथाच कोसळली असती. म्हणून दादाची परवानगी मागायला आम्ही पडेगावहून देवगाव रंगारीला गेलो. तो शेतात मक्याची कणसे सोलत होता. अपेक्षाने सगळी गोष्ट सांगितली.

“म्हंजी राक्षसाला माझं नाव,” दादा म्हणाला. “अन् तुह्या बापाला काय केलं? गाढव?”

“त्यांना घेतलंच नाही, मोठे बाबा.”

“ब्येस केलं.” तो हसला, मग त्याचा हात थांबला. “पर शेवटाला मारतीस व्हय त्याला? मी जगावं म्हणून आईनं हे नाव ठिवलं. त्याच नावाचा माणूस तू मारतीस? नाय. मग माझं नाव नको.”

अपेक्षाने एक कणीस उचलले आणि बराच वेळ सोलत राहिली.

“मारत नाही,” ती म्हणाली. “गोड नाव ठेवते आणि सोडून देते. आता त्याला मरण येऊ शकतं, एवढंच. तलवार दिसली की तोही मागं सरेल.”

“भिईल.”

“लई भिईल.”

दादा खदखदून हसला. “लिही मग! गोड नाव कोणतं ठिवतीस?”

“इंद्रजीत.”

“झ्याक! त्या नावाचा माणूस रस्ता वलांडताना म्या पाह्यलाय.”

मी हरकत घेतली नाही. नवा शेवट आधीच्यापेक्षा निर्विवाद चांगला होता.