तापाचं कूळ

“सगळ्यांसमोर सांगशात?” मथुरेनं योगिनीला विचारलं. “माका एकटेक सांगून काय उपेग नाय.”

योगिनी पुण्याच्या प्रयोगशाळेतली. उन्हाळ्यात ती धामापूरजवळच्या या वाडीत येऊन काजूच्या बागांतून आणि वरच्या रानातून पाचोळ्यावर पांढरं कापड ओढत हिंडली होती. कापडाला चिकटलेल्या गोचिड्या कुपीत भरून घेऊन गेली होती. आता गणपतीच्या दर्शनाचं निमित्त काढून मुद्दाम बातमी द्यायला आली होती.

फाल्गुनात काजू गोळा करताना गोचीड चावून मथुरेला माकडताप झाला. इस्पितळातून जगून परतली, आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या गुरुदासनं अंथरूण धरलं. तोही वाचला, पण वाडीनं निकाल देऊन टाकला: ताप मथुरेनं आणला. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, हे आरोग्यसेविका घरोघर सांगून दमली. गुरुदासची बायको प्रेमलता मथुरेची जिवाभावाची मैत्रीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. तिनंच दोन घरांमधली वाट काटे टाकून बंद केली. फुगड्यांची गाणी वाडीत मथुरेनंच म्हणायची, आणि यंदा तिला बोलावणंसुद्धा नाही.

“चला,” योगिनी म्हणाली.

गुरुदासच्या ओटीवर फुगड्या रंगल्या होत्या. मथुरेला पाहताच गाणं थांबलं. योगिनीनं गणपतीला हात जोडले आणि तिथंच मांडी घातली.

“विषाणू वाढताना स्वतःच्या नकला काढत जातो. त्यात बारीक चुका होतात आणि त्या पुढच्या पिढ्यांत उतरतात. त्या चुकांवरून आम्ही त्याचं घराणं ओळखतो. मथुराताईंच्या रक्तातला विषाणू आणि गुरुदासभाऊंच्या रक्तातला, दोन्ही वेगळ्या शाखांचे निघाले. लांबचे भाऊबंद म्हणा. ताईंचा जुळला काजूच्या बागेतल्या गोचिडीशी, भाऊंचा वरच्या रानातल्या गोचिडीशी.”

“तापाक पण कूळ आसता?” एका म्हातारीनं हनुवटीला बोट लावलं.

“असतं ना आजी. रानात गोचिड्या आणि माकडं यांच्यातच तो फिरत असतो. माणूस मध्ये सापडतो.”

“वरच्या रानात मी लाकडांक गेल्लंय!” गुरुदास खांबाला टेकून ओरडला. “गोचीड डसलेली पायाक. पण माझा आयकता कोण?”

प्रेमलता योगिनीकडे वळली. “म्हणजे हिच्याकडसून नाय इलो?”

“नाही.”

“मगे मी इतके दिस हिका...” प्रेमलतेचे डोळे भरून आले.

“रडतंस कित्याक?” मथुरेनं पदर खोचला. “हात दी. गुडघे अजून शाबूत आसत माझे.”

प्रेमलतेनं दोन्ही हात घट्ट धरले. मथुरेनं गाणं उचललं, बायकांनी झेललं, आणि ओटी दणाणू लागली. काकणं खणखणत होती, गुरुदास खांबावर ताल धरत होता.

तिसऱ्या कडव्याला मथुरा अडली. लहानपणापासून तोंडात बसलेली ओळ आलीच नाही. ती तापानं आठवणीतून नेली होती. पाय फिरत राहिले, ओठ नुसते हलले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

प्रेमलतेला जन्मात कधी सूर सापडला नव्हता. तरी तिनंच घोगऱ्या आवाजात सुचेल ते जोडलं:

“शेजारीण माझी काजू भाजता गो, धूर येता आमच्या घरात गो!”

ना यमक, ना ताल. ओटीभर हशा पिकला. हसता हसता मथुरेनं तीच ओळ धरली आणि प्रेमलतेच्या मागोमाग म्हणू लागली.