दोन हिरव्या पट्ट्यांची स्प्रिंग

मी एक जुनी स्प्रिंग आहे, मित्रांनो, आणि हे सांगत असतानाही माझ्या डोक्यावर एक अख्खी गाडी बसलेली आहे. त्यामुळे मधेच माझा आवाज चिरका झाला किंवा मी चिडले, तर समजून घ्या. पुढच्या चाकाच्या वर, जिथे सगळा चिखल उडतो, त्या अंधाऱ्या खोबणीत माझं घर. खाली एक वाटी, वर एक वाटी, आणि शॉकअपचा दांडा माझ्या पोटातून आरपार गेलेला. घराला दार नाही, खिडकी नाही, आणि अंग ताणायला जागा तर मुळीच नाही.

मी जन्मले तेव्हा सरळ होते. जाड, लांब, लालबुंद तापलेली सळई. कारखान्यात मला एका फिरत्या रुळाभोवती गुंडाळलं आणि तेलात बुडवलं. बाहेर आले ती अशी वेटोळी होऊनच. त्यानंतर थोडा वेळ मी मोकळी उभी होते. तेवढाच काय तो माझ्या आयुष्यातला मोकळेपणा. लगेच एका यंत्राने मला दाबून माझी ताकद पाहिली, आणि एका बाईने माझ्या अंगावर हिरव्या रंगाचे दोन पट्टे ओढले. माझ्या बहिणीच्या अंगावर एकच. तो आमचा पत्ता होता. एक पट्टावाली शेजारच्या सीटच्या बाजूला, दोन पट्टेवाली चालकाच्या बाजूला. चालकाच्या बाजूला स्वतः चालक, बॅटरी आणि स्टिअरिंगचा सगळा संसार असतो, म्हणून मला जरा जास्त ताठ बनवलेलं. बाकी दिसायला आम्ही बहिणी इतक्या सारख्या, की पट्टे नसते तर बनवणाऱ्यांचीही फसगत झाली असती.

आम्ही पहिल्यांदा खाणीवरच्या गाडीत लागलो. इंजिन जड आणि साहेब त्याहून जड. खड्डा आला की मी आणखी दबायची, खड्डा गेला की थोडी वर यायची, पण पुरती कधीच नाही. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "काय गाडी आहे! पोटातलं पाणी हलत नाही." कौतुक गाडीचं, सीटचं, ड्रायव्हरच्या हाताचं. चाकाच्या वर कुणीतरी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातंय, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग एक दिवस ते जड इंजिन बंद पडलं आणि गाडी भंगारात आली. काम संपलं की सुट्टी मिळते असं मी ऐकून होते. कसली सुट्टी! भंगारवाल्याने आमच्या गाडीच्या टपावर दुसरी गाडी रचली. चालत्या गाडीखाली निदान वरखाली तरी होता यायचं. इथे नुसतंच दबून राहायचं. बाजूला गवत वाढलं, त्यात मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी होऊन निघूनही गेली. मी मात्र तिथेच होते. खरं सांगते, तेव्हा मला मोडून जावंसं वाटायचं.

तिथे आम्हाला पाहायला दोघंजण आली. एक गॅरेजवाले, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, आणि एक गुरांच्या डॉक्टरीणबाई. बाईंची गाडी आमच्याच कंपनीची, पण हलक्या इंजिनाची. डोंगरावरच्या वस्त्यांना जाताना तिचं पोट दगडांवर आपटायचं.

"काल परत अडकले हो वस्ताद," बाई सांगत होत्या. "वर गाय अडलेली, आणि मी अर्ध्या वाटेत दगडावर बसलेली."

"म्हणून तर इथे आणलं तुम्हाला. जड गाडीच्या या स्प्रिंगा तुमच्या गाडीत जशाच्या तशा बसतात. तुमचं इंजिन हलकं, म्हणजे या कमी दबणार आणि गाडी आपसूक वर उचलणार."

"पण या जुन्या आहेत."

"जुन्या आहेत म्हणूनच बऱ्या. जेवढ्या दबून बसायच्या तेवढ्या बसून झाल्यात. आणि मोडायच्याच असत्या तर खाणीत मोडल्या नसत्या?"

कमी दबणार, हे दोनच शब्द मी धरून ठेवले. मित्रांनो, आशा फार चिवट असते.

गाडीत बसवायचे नवे रबर यायचे होते, तोवर आम्हा दोघींना बाईंच्या घरी ओसरीवर ठेवलं. तिथे बाईंचे सासरे होते. ते पाट्या रंगवणारे पेंटर, आता घरी बसलेले. बसलेले कसले, बसवलेले! त्यांनी घरात दुरुस्तीला हात लावला की काहीतरी बिघडायचं. नळ गळायचा, दाराची कडी उलटी बसायची, आणि मुलगा म्हणायचा, "बाबा, तुम्ही फक्त आरामात बसून राहा बघू." बसून राहणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मला त्यांचा लळा लागला तो त्यामुळेच.

आम्हाला पाहताच त्यांचे हात शिवशिवले. वायर ब्रश घेऊन त्यांनी आमचा गंज घासायला घेतला. गंजाखालून माझे दोन पट्टे वर आले तसे ते थांबले.

"कोण हा शहाणा? ब्रश पुसायला दुसरी जागा नाही मिळाली?"

त्यांच्या धंद्यात दुसऱ्याच्या कामावर ब्रश पुसणं म्हणजे मोठा अपमान. त्यांनी बिचाऱ्यांनी आमची बाजू घेतली, आणि माझे दोन्ही पट्टे रगडून रगडून काढले. बहिणीचा होता तो एक पट्टाही गेला. वर काळाभोर चकचकीत रंग दिला. संध्याकाळी बाई घरी आल्या आणि उद्गारल्या, "अय्या, बाबा! अगदी नव्या दिसतायत हो!" सासऱ्यांचा चेहरा फुलला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं कौतुक केलं, आणि मी आतून ओरडत होते की अहो, माझा पत्ता पुसलात!

वस्तादांनी खुणा शोधल्या नाहीत असं नाही. त्यांनी आम्हाला फिरवून पाहिलं, भंगारात पावसापाण्याने रंग गेला असेल असं ठरवलं, आणि हाताला आली ती बसवली. मी शेजारच्या बाजूला गेले आणि माझी बहीण चालकाच्या बाजूला. गाडी जॅकवरून उतरली. उंच तर झाली, पण चालकाच्या बाजूला दोन बोटं झुकली. वस्तादांनी टायरमधली हवा पाहिली, गाडीभोवती फेऱ्या मारल्या, टायरला एक लाथही घातली.

"जुन्या मालाचं असंच असतं. जराशी चालवा, जागेवर बसेल."

बसते कसली! डोंगराच्या वाटेवर, जिथे रस्ता दरीकडे कलतो, तिथे गाडी आणखी दरीकडे झुकायची. पलीकडे माझी बहीण नको तेवढ्या ओझ्याखाली करकरायची. मी इकडे ताठ, मदत करायची ताकद असून काही करू न शकणारी. बाईंच्या श्वासावरून मला कळायचं की त्या घाबरल्या आहेत. गॅरेजात परतल्या तेव्हा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"असली गाडी घेऊन मी नाही वर जायची, वस्ताद."

"हात्तिच्या! ही वर राहिलेल्या बाजूची स्प्रिंग जास्त उंच भरतेय. अर्धा वेढा कापून टाकू, दोन्ही सारख्या होतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कापलेली स्प्रिंग वाटीत नीट बसत नाही, मित्रांनो. सरळ रस्त्यावर चालेल, पण कड्यावर एका मोठ्या खड्ड्यात ती जागा सोडते, आणि मग गाडी कुठे जाईल ते देवाला ठाऊक. मला माझ्या अंगाची भीती होतीच, पण बाईंची जास्त होती.

वस्तादांनी मला शॉकअपसकट बाहेर काढलं. दांड्यावरून सोडवण्यासाठी मला दोन्ही बाजूंनी शिकंजे लावले आणि पान्ह्याने आवळत गेले. इतकी मी कधीच दबले नव्हते. वेढ्याला वेढा टेकायला आला. सासरेही सुनेबरोबर आले होते. आपला रंग खरवडला गेलाय का ते बघायला ते खाली वाकले.

"पेंटरकाका, तोंड मागे घ्या! शिकंजा सटकला तर जबडा घेऊन जाईल ही."

ते मागे सरले. मला स्वतःचीच भीती वाटली. ज्यांनी मला इतक्या मायेने घासलं, त्यांचाच जीव मी घेतला असता, आणि मला स्वतःला आवरता आलं नसतं.

वस्तादांनी खडूने माझ्यावर रेघ मारली. दांड्याच्या टोकाचा नट काढला, शिकंजे सावकाश सैल केले आणि ग्राइंडर उचलला. तो घरघरायला लागला.

"थांबा," सासरे म्हणाले. आवाज इतका बारीक की कुणाला ऐकूच गेला नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं, खाली पाहिलं. ते का कचरतायत ते मला कळत होतं. हेही बिघडवलं असं कळलं की हातातला ब्रशही जाणार, आणि मग खरोखरच बसून राहायचं.

"थांबा म्हणतो ना!"

ग्राइंडर थांबला.

"एका स्प्रिंगवर हिरवे पट्टे होते. दोन. दुसरीवर एक. मी घासून काढले. मला वाटलं, कुणीतरी ब्रश पुसलाय."

वस्तादांनी ग्राइंडर खाली ठेवला. "अहो काका, ते बाजूचे पट्टे! दोनवाली चालकाकडे लागते."

"पण आता ओळखायची कशी?"

"गाडीच सांगतेय की! ताठ आहे ती दोनवाली. मी उलट्या लावल्या, आणि वर हिलाच कापायला निघालो होतो."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या सासऱ्यांजवळ आल्या. मग म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आज बोलला नसतात, तर कापलेल्या स्प्रिंगवर मी त्या कड्यावरून गेले असते." सासऱ्यांचे डोळे भरून आले, तसं बाईंनी विचारलं, "हिरवा कुठला होता, आठवतो?"

"सूनबाई, रंग विसरेन होय मी?"

"मग पट्टे ओढा परत. तुम्हीच."

त्यांनी ओढले, फूटपट्टी न लावता, अगदी सरळ.

आता मी चालकाच्या बाजूला आहे. गाडी समतल उभी राहते, पोट दगडांना लागत नाही, आणि बाई वरच्या वस्त्यांवर वेळेत पोचतात. कड्यावरून जाताना त्या आता गुणगुणतात, ते मला खाली ऐकू येतं. पण सुटका झाली असं मात्र समजू नका. तीच वाटी, तोच दांडा, तोच अंधार. या गाडीखाली मी थोडी कमी दबते, एवढंच. मी इथून सुटले तर गाडी कोसळेल, म्हणून मी सुटायचं स्वप्नही आता बेताने बघते.

मित्रांनो, एक मागणं आहे. जुनी वस्तू चकचकीत करण्याआधी तिच्या अंगावर काय खूण आहे ते बघा, आणि कळली नाही तर कुणाला तरी विचारा. आणि पुढेमागे माझ्यावरचा नट उघडायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी मला नीट बांधा आणि तोंड बाजूला घ्या. तुम्ही कितीही मायेने हात लावलात, तरी सुटण्याच्या त्या क्षणी मला कुणीच ओळखू येणार नाही.